सरजाबाईची तीन माहेरं

सुमनमामीनं अख्ख्या संसारात दिनकरमामांकडं एकच गोष्ट मागितली. पाटल्या नाहीत, पैठणी नाही, काशीयात्रा नाही. तिला स्वतःचं नाव पाहिजे होतं, आणि तेही दगडावर कोरलेलं. ते नाव काय होतं हे मला, तिच्या सख्ख्या नणंदेच्या मुलीला, चाळिशी उलटेपर्यंत ठाऊक नव्हतं. मी परभणीला कॉलेजात इतिहास शिकवते, हे इथं सांगून ठेवते, म्हणजे माझ्या हुशारीची कल्पना यावी.

मामी दुजवराला दिलेली. मामांची पहिली बायको बाळंतपणात गेली, मागं तान्हा महारुद्र. पोर रडतंय आणि चुलीपाशी बाई नाही, एवढ्यावरून महिन्याच्या आत मामांना दुसरी मुलगी आणली. आमच्याकडं अशा दुसरेपणावर आलेल्या बाईच्या गळ्यात पहिलीचा टाक घालतात. टाक म्हणजे चांदीचा इवलासा पत्रा, त्यावर बाईची आकृती ठोकलेली. मेलेल्या सवतीनं त्रास देऊ नये म्हणून तिचा मान ठेवायचा. पहिला घास तिला, हळदीकुंकू आधी तिला, नवी साडी आधी तिच्या अंगाला लावायची आणि मग आपण नेसायची. मामी जेवायला बसली की भाकरीचा कुटका टाकाला टेकवून मगच तोंडात घालायची. लहानपणी मला वाटायचं मामी बाहुलीला जेवू घालते. मला तो खेळ फार आवडायचा.

मामांचं गाव हिवरतळं. मानवतहून पाथरीकडं निघालं की मधेच डाव्या हाताला फाटा लागतो. गावची सगळी काळी, पाण्याची जमीन मामांच्या भावकीची, आणि ती मिळवून दिली सरजाबाईनं, असं भावकीतलं शेंबडं पोरही सांगतं. निजामाच्या राज्यात पडीक रान मोडून वाहितीखाली आणणाऱ्याला सरकार कौल द्यायचं. सुरुवातीची काही वर्षं सारा माफ आणि पुढं हलका. मोठ्या दुष्काळानंतर मामांचा पूर्वज भुजंगराव असा कौल घेऊन इथं आला. इथं होतं काय, तर हिवराचं जंगल आणि कुंदा नावाचं चिवट गवत. कुंद्याच्या मुळ्या काळ्या मातीत पुरुषभर खोल जातात, तो नांगराला दाद देत नाही, माणसानं खणूनच काढावा लागतो. तो सरजाबाईनं खणला. बैल मेला तेव्हा जुवाखाली तिनं स्वतःची मान दिली. विहीर तिनं काढली, अकरा लेकरं तिनं जन्माला घातली, शंभरी तिनं गाठली. भुजंगराव त्या वेळी काय करत होता, हे कुणी सांगत नाही. कौल हातात धरून बसला असावा.

शेताच्या बांधावर सरजाबाईचं ठाणं आहे. चैत्रात तिथं भावकी जमते. मामांनी दोन वर्षांपूर्वी मनावर घेतलं की येत्या चैत्रात मोठा मेळावा करायचा आणि ठाण्यापुढं काळ्या ग्रॅनाइटचा दगड उभा करायचा. त्यावर सरजाबाईपासून खाली सगळी वंशावळ. मला फोन आला.

"योगिनी, तू शिकलेली हायस. सरजाबाईचं मूळ शोधून दे. कुणाची, कुठली, समदं बराबर पायजे. उद्या कुणी नाव ठेवलं न्हाई पायजे."

बाईचं मूळ म्हणजे माहेर, आणि सरजाबाईचं माहेर शोधण्यात तशी काहीच अडचण नव्हती. अडचण असलीच तर ती एवढीच की तिला माहेरं तीन होती. दर चैत्रात तीन गावांहून तीन घरं तिला चोळी-पातळ घेऊन येतात. देवी झालेल्या लेकीला माहेरची चोळी, हा रिवाजच आहे. पण तीन का, असं कुणी विचारलं तर भावकीचं उत्तर तयार असायचं. एवढी थोर बाई, तिला आपली म्हणायला तीन गावं भांडणारच. दीडशे वर्षं पिढ्यान्‌पिढ्या हे उत्तर पुरलं. मीही लहानपणी ते मैत्रिणींना छाती फुगवून सांगितलंय.

पहिलं माहेर पाथरीच्या पुढं. तिथं रंगनाथ नावाचे पंचाहत्तरीचे गृहस्थ चोळी घेऊन येतात. त्यांनी मला बाजेवर बसवलं, पाणी दिलं, आणि मी सरजाबाई म्हणताच हात हलवला.

"सरजाबाई तुमच्याकडं. आमची ती गया."

"म्हणजे माहेरचं नाव गया?"

"हां. गयाच. पोटुशी होती आन् जुवाला लावली. नांगराच्या तासातच पडली. तिला बाजूला घेतलं आन् गड्याला जुवाखाली घातला म्हणत्यात, औत काय थांबलं न्हाई."

मी विचारलं, मग अकरा लेकरं कुणाची. रंगनाथ म्हणाले, "ते तुमच्या मामाला इचारा बाई. आमच्या गयाचं एक बी जगात आलं न्हाई."

दुसरं माहेर सेलूकडं. तिथं तिचं नाव ठकी. ठकीचं लग्न झालं तेव्हा हिवरतळ्याची विहीर काढायचं चाललं होतं. दिवसभर गाळाच्या पाट्या वर. ती एकदा पळून माहेरी आली होती. हाताची सालटं निघालेली. आईच्या मागं लपली, परत धाडू नका म्हणाली. भावांनी तिला नवी चोळी शिवली, गाडीत बसवली आणि परत नेऊन घातली. विहिरीला पाणी लागलं त्याच साली ती विहिरीत सापडली. पाणी बाटलं म्हणून भुजंगरावानं निरोप धाडून तिच्या भावांनाच विहीर उपसायला बोलावलं, आणि ते आले. मला हे सांगणारी म्हातारी त्या घरची थोरली सून होती. तिनं हे भाजी निवडता निवडता सांगितलं आणि शेवटी म्हणाली, "तवापसून आमी चोळी नेताव."

तिसरं माहेर मानवतपलीकडं. तिथली भागू. ती नऊ वर्षांची असताना दिली, आणि तिच्या गळ्यात दोन टाक घातले. अकरा लेकरं हिची आणि म्हातारपणही हिचं. धाकटा भाऊ एकदा तिला भेटायला हिवरतळ्याला गेला आणि ओसरीवरून त्यानं "भागू" अशी हाक मारली. ती जात्यावरून उठली आणि आत निघून गेली. भाऊ परतल्यावर म्हणाला, बहीण आपल्याला ओळखीना झाली.

परत येताना मी ठाण्यावर गेले. मेळाव्यासाठी पुजारी देवीचा पितळी मुखवटा चिंचेनं घासत होता. मुखवटा काढलेला मी कधी पाहिला नव्हता. खाली शेंदूर माखलेले तीन तांदळे, म्हणजे बिनघडणीचे गोल दगड, होते, एकाला एक टेकून बसवलेले. पुजाऱ्याला विचारलं तर तो म्हणाला, "पहिल्यापसून तीनच हायती. एकावर मुखवटा डुगडुगत असंल म्हून ठिवले असतील."

मला राग आला. भुजंगरावाचा आला, त्या भावांचा आला, आणि इतकी वर्षं तीन चोळ्या मोजूनही ज्यांना काही कळलं नाही त्या आम्हा सगळ्यांचा आला. त्याच तिरमिरीत मी मामांच्या घरी गेले. मामा बाहेर गेले होते. मामी चुलीपुढं बसून मेळाव्याच्या आमटीसाठी येसराचा मसाला भाजत होती. तिला सगळं सांगितलं. मला वाटलं ती हळहळेल. ती झारा फिरवत राहिली.

"म्हंजी त्या बी तसल्याच," मामी म्हणाली.

"तसल्याच म्हणजे?"

"माझ्यासारख्या. मी बायना हाय की."

हे नाव मी पहिल्यांदाच ऐकत होते. मामी मग जे बोलली ते येसर करपू न देता बोलली. लग्नात नवरदेवानं ताटातल्या तांदळात अंगठीनं नवरीचं नाव लिहायचं असतं. मामांनी लिहिलं "सुमन". हिला वाटलं, नवं नाव ठेवलं, सगळ्यांचंच ठेवतात. घरी आल्यावर कळलं की गळ्यातल्या टाकाचं नावही सुमन. सासू म्हणाली, नवं नाव कशाला शोधत बसायचं, घरात हाय की, आणि पोराची माय सुमन होती ती सुमनच राहील.

"पहिलं पहिलं मला ध्यानातच यायचं न्हाई. सुमन म्हून हाक मारली की मला वाटायचं दुसऱ्या कुणाला बोलवायलेत. सासूला वाटलं बहिरी हाय. मग एक दिवस उलथनं तापवून हातावर ठिवलं." तिनं मनगट पुढं केलं. तो डाग मी लहानपणापासून पाहत होते, भाजल्याचा म्हणून. "मग यायलं ऐकू."

तिनं कढई खाली घेतली आणि पदरानं तोंड पुसलं.

"योगिनी, त्या दगडावर माझं नाव बायना घालतील का? तिचं सुमन तिथंच ऱ्हाऊ दे. मला तिचं काय बी नको. तिचं ती, माझं मी."

"तू सांग ना मामांना."

"तू संगं उभी ऱ्हाशील?"

मामा संध्याकाळी आले. मी त्यांना गया सांगितली, ठकी सांगितली, भागू सांगितली. आवाज चढला असेल माझा. मामांनी शांतपणे ऐकून घेतलं, अगदी मन लावून. ते वाईट वाटून घेणार असं मी धरून चालले होते, पण मामांचा चेहरा उजळत चालला.

"म्हंजी तिघी. बघ बरं. एकीच्यानं कधी झालं असतं का एवढं."

"मामा, तिघी मेल्या त्या."

"दोघी. तिसरी म्हातारी होऊन मेली. अगं, कंडक्टर बदलला म्हून यष्टी बदलती का? सरजाबाई म्हंजी जिम्मेदारी हाय. कुणी का घेईना, घेतली पायजे."

मी दारात उभ्या मामीकडं पाहिलं. तिनं डोक्यावरचा पदर सारखा केला आणि चाळीस वर्षांत पहिल्यांदा मामांपुढं मागणं मांडलं. दगडावर बायना लिवा, एवढंच म्हणाली.

"लिवू की. त्यात काय एवढं. चहा ठिव."

मामी चहा ठेवायला गेली. चहात तिनं दुप्पट साखर घातली होती, इतकी ती खुशीत होती. मलाही मामांबद्दल बरं वाटलं, आणि घरी आल्यावर मी नवऱ्याला म्हणालेसुद्धा की माणूस वाटतो तेवढा कठोर नाही.

मेळाव्याला भावकी लोटली. जीपा, ट्रॅक्टर, पुण्याकडून आलेल्या गाड्या. मामीची मुलगी भक्ती छत्रपती संभाजीनगरहून आली होती, तिथं ती नर्स आहे. मामी पहाटेपासून आमटीच्या काहिलीपाशी. दगडावरचा पडदा ओढायची वेळ झाली तेव्हा भक्तीनं तिला हाताला धरून आणली. हात ओले, कपाळावर धुराची काजळी, आणि ती गर्दीतून पुढं जायला लाजत होती. पडदा ओढला. सगळ्यात वर भुजंगराव आणि सरजाबाई, मग खाली फांद्या. मामी चौथी शिकलेली. ती बोट हवेत धरून एकेक नाव उतरत आली. दिनकरराव. त्यांच्या शेजारी सुमनबाई. त्याखाली महारुद्र आणि भक्ती. तिनं पुन्हा वरून सुरुवात केली. मग दगडाच्या मागच्या बाजूला काही आहे का, असं भक्तीला हळूच विचारलं.

मामांनी माईक घेतला होता.

"आमच्या भाचीनं शोध लावला. सरजाबाई एक नव्हती, तिघी होत्या. पर एकीनं बी काम खोळंबू दिलं न्हाई. एक पडली की दुसरी उभी. ह्या घराण्यात लक्ष्मी मरत न्हाई, हे ध्यानात ठिवा. आमच्या घरात बी तसंच हाय. या, सुमनबाई, वर या."

टाळ्या पडल्या. मामीला लोकांनी ढकलत ढकलत स्टेजवर नेलं. मामांनी तिच्या हातात साडी दिली, हिरवी, जरीकाठाची. मग तिचा हात आपोआप गळ्याकडं गेला, तिनं टाक बाहेर काढला आणि साडी आधी त्याला लावली. हे पाहून बायकांनी डोळे पुसले आणि टाळ्या आणखी वाढल्या. मी टाळ्या वाजवल्या नाहीत, पण त्यानं कुणाला काय फरक पडणार होता.

भक्ती मांडवामागं बापाला भिडली. मामा तिला समजावत होते, आवाज न चढवता, लाडानं. "अगं, बायना कोण म्हून लोकं इचारतील. ही ठिवलेली होती का म्हणतील. तुझ्याच आईची इज्जत जाईल. एका नावात दोघी बसल्या, कुणाची तक्रार न्हाई, कशाला खामखा उकरून काढायलीस."

दुसऱ्या दिवशी सकाळी मामा ओसरीवरून म्हणाले, "सुमन, पाणी आण." मामीनं वळून पाहिलं नाही. दुसरी हाक, तिसरी हाक. ती तांदूळ निवडत राहिली. महारुद्रानं "आई" म्हटलं की ती लगेच बघायची, सुनेशी बोलायची, नातवाला गोष्टी सांगायची. "सुमन" म्हटलं की तिच्या लेखी खोलीत कुणी बोललेलंच नसायचं. मामांनी तिला परभणीला कानाच्या डॉक्टरकडं नेलं. डॉक्टर म्हणाले, कान तुमच्यापेक्षा चांगले आहेत. गाडीत बसताना मामी हसली, असं महारुद्र सांगतो.

मग मामांनी तिला शेतातल्या आखाड्यावर पाठवलं. आखाडा म्हणजे अवजारं आणि कडबा ठेवायची पत्र्याची शेड. ज्या बाईला ऐकू येत नाही तिचं घरात काय काम, असं ते चारचौघांत म्हणाले. ओ दे आणि घरी ये, एवढी सोपी अट होती. मामीनंही महारुद्राच्या हाती तेवढाच सोपा निरोप धाडला. एकदा बायना म्हणा, मी पळत येते. महारुद्र रोज डबा घेऊन जायचा आणि निरोप घेऊन यायचा. त्याला तिनं तान्हेपणापासून वाढवलं, रात्ररात्र खांद्यावर फिरवलं. तो बापाला काही बोलला नाही. मी मामांना फोन केला, भांडले. ते म्हणाले, "तुझ्या शोधानं तिचं डोकं फिरलं, आता तू मधी पडू नको." भक्ती तिला न्यायला आली तेव्हा मामी म्हणाली, मी माझ्या घरातून का जाऊ, त्यांनी हाक मारावी.

उन्हाळा गेला, पावसाळा गेला, थंडी वाढली. पत्र्याच्या शेडमध्ये ती खोकायला लागली. ताप चढला हे महारुद्रानं घरी सांगितलं. मामा म्हणाले, इचार तिला, आता तरी ओ देती का. दुसऱ्या दिवशी डबा घेऊन गेला तर मामी कडब्याला टेकून बसलेली होती, आणि आदल्या दिवशीचा डबा न उघडलेला शेजारी. त्यानं आई म्हणून हाक मारली. मग इकडंतिकडं पाहून, कुणी नाही याची खात्री करून, बायना म्हणूनही मारली म्हणे. हे त्यानं मला नंतर रडत रडत सांगितलं. मी त्याला उगी केलं नाही.

दहाव्याला गोदावरीकाठी गुरुजींनी गेलेल्या बाईचं नाव विचारलं. भक्ती मागून म्हणाली, बायना. मामा म्हणाले, सुमन. गुरुजींनी हात थांबवला. "एकच काय ते सांगा, पिंड एकाच नावानं द्यायचा." दर्भाची अंगठी महारुद्राच्या बोटात होती. तो नदीकडं बघत होता. मग त्यानं बापाकडं पाहिलं आणि खालमानेनं "सुमन" म्हटलं. चाळीस वर्षांपूर्वी ज्या बाईला पिंड दिला होता तिलाच पुन्हा दिला. भक्ती तिथून उठून गेली ती पुन्हा हिवरतळ्याला आली नाही.

मी यंदा पावसाळा संपता संपता गेले. भक्तीला मामीची काहीतरी वस्तू हवी होती, निदान एखादं जुनं लुगडं. दार एका बाईनं उघडलं. चाळिशीची, हातात पीठ, जिंतूरकडची बोली. आधी वाटलं स्वयंपाकाला ठेवली असेल. मग तिच्या गळ्यात काळ्या मण्यांत ओवलेले दोन टाक दिसले. एक झिजलेला आणि एक नवा, चकचकीत.

"तुम्ही?" मी विचारलं.

"सुमन," ती म्हणाली.

मी आवाज खाली आणला. "ते झालं. तुमच्या आईनं काय ठेवलं होतं?"

ती माझ्याकडं अशी पाहत राहिली की जणू मी तिला चोरी करताना पकडलं होतं. तिनं आत नजर टाकली, टाकांवरून पदर ओढून घेतला आणि पुटपुटली, "मला दुसरं नाव न्हाई बाई. उगं काय बी इचारू नका."

आतून मामांचा आवाज आला, "सुमन, कोण आलंय गं?"

तिनं लगेच "जी" म्हटलं आणि ती आत गेली.